अण्णांचा प्रश्न

आमच्या अण्णांनी चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. त्यामुळे घरात काहीही बिघडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काही गहाळ झालंय, की जागचं हललंय?" त्यांच्या लेखी हे दोन अगदी वेगळे दोष होते. मजकुरात अक्षर नसणं वेगळं, आणि अक्षर आहे पण सरकलंय हे वेगळं. पहिल्या दोषाला नवा खिळा लागतो. दुसऱ्याला खिळा लागत नाही, डोळा लागतो.

२०११ च्या पावसाळ्यात अण्णांना जिना चढताना दम लागायला लागला. आधी आम्ही वयावर ढकललं. मग रात्री आडवं झालं की गुदमरायला व्हायचं, उशाला तीन-तीन उशा लागायला लागल्या, पाय सुजले. डॉक्टरांनी इको केला, अँजिओग्राफी केली आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं, "रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत. झडपा ठीक आहेत. ठोके नियमित आहेत. पंपिंग मात्र तीस टक्क्यांवर आलंय." (निरोगी माणसाचंही हे शंभर टक्के नसतं बरं का, साधारण ५५ ते ७० असतं.)

अण्णांनी विचारलं, "म्हणजे सगळं शाबूत आहे, तरी चालत नाही?"

"काका, स्नायूच कमकुवत झालाय," डॉक्टर म्हणाले. बाहेर पंचवीस पेशंट बसले होते, त्यांचा तरी काय दोष. परत येताना रिक्षात अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कमकुवत झालाय म्हणून कमकुवत झालाय. हे काही उत्तर नव्हे."

मी बँकेत नोकरी केलेला माणूस. जीवशास्त्राशी संबंध अकरावीत सुटला तो सुटलाच. पण अण्णांचा तो प्रश्न डोक्यात राहिला, आणि पुढची काही वर्षं जमेल तसं वाचत गेलो. त्या वाचनातून कळलं की हा प्रश्न एकट्या अण्णांचा नव्हता. मोठमोठी माणसं त्याच दाराशी येऊन थांबली होती, आणि दार उघडत नव्हतं कारण पलीकडचं दिसतच नव्हतं. ते दिसायला कसं लागलं, त्याची ही गोष्ट.

*

गोष्ट सुरू होते नळाच्या पाण्यापासून.

तुमच्यापैकी कुणाला हॉस्पिटलात सलाइन लावलं असेल तर बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' हे नाव वाचलं असेल. सिस्टर लोक त्याला नुसतं 'आरएल' म्हणतात. त्यातले रिंगर म्हणजे सिडनी रिंगर, लंडनमधले डॉक्टर. १८८२ च्या सुमारास ते बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून ते कुठल्या द्रावणात धडधडत राहतं याचे प्रयोग करत होते. साध्या मिठाच्या पाण्यात थोडे इतर क्षार घातले की हृदय छान चालतं, असं त्यांनी छापूनही टाकलं. मग लक्षात आलं की द्रावणासाठी डिस्टिल्ड वॉटर वापरलंच गेलेलं नाही. लंडनला पाणीपुरवठा करणाऱ्या न्यू रिव्हर कंपनीचं नळाचं पाणी वापरलं गेलंय! खरोखरच्या शुद्ध पाण्यात तोच प्रयोग केला, तर हृदय थोड्या वेळात मंदावलं आणि थांबलं. नळाच्या पाण्यात जे होतं आणि शुद्ध पाण्यात नव्हतं, ते होतं कॅल्शियम. रिंगर यांनी १८८३ साली आपली चूक जशी होती तशी कबूल करून दुसरा निबंध छापला. त्या कबुलीतून जगाला कळलं की कॅल्शियमशिवाय हृदय आकुंचन पावत नाही.

आपण कॅल्शियम म्हटलं की हाडं आणि दूध एवढंच आठवतो. पण आपल्या छातीत दिवसाला लाखभर वेळा जे होतं, ते कॅल्शियमच्या येण्याजाण्याने होतं.

आता प्रश्न असा की हे कॅल्शियम पेशीत कुठून येतं? हृदयाच्या स्नायूची एक पेशी साधारण एक दशांश मिलिमीटर लांब, एखाद्या विटेसारखी असते. एवढ्या जाड पेशीच्या पार पोटापर्यंत 'आकुंचन पाव' हा निरोप एका क्षणात पोचतो कसा? याचं अर्धं उत्तर १९०२ साली मिळालं होतं. इटलीत पाव्हिया इथे कामिल्लो गोल्जी यांचे शिष्य एमिलिओ वेराट्टी यांनी गुरूच्या काळ्या रंगाने स्नायूचे तंतू रंगवले, आणि त्यांना तंतूंच्या आत नाजूक जाळी दिसली. ती त्यांनी हाताने सुंदर चितारली. आणि लोक ती विसरले! साध्या सूक्ष्मदर्शकात ती जेमतेम दिसायची. जे जेमतेम दिसतं, ते खरं की रंगाचा डाग, अशी शंका घेता येते. पन्नासेक वर्षांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला तेव्हा त्यात त्याच नळ्या पुन्हा सापडल्या, आणि १९६१ साली वेराट्टींच्या निबंधाचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. माणसाला जे दिसलं ते बरोबर होतं. इतरांना दिसेपर्यंत साठ वर्षं गेली, इतकंच.

या नळ्या म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीनेच आतपर्यंत घातलेले बोगदे. विजेचा निरोप या बोगद्यांतून आत येतो. बोगद्याच्या भिंतीतून थोडंसं कॅल्शियम पेशीत शिरतं. पलीकडेच कॅल्शियमचं कोठार असतं, आणि त्या कोठाराला दारं असतात. थोड्या कॅल्शियमने ही दारं उघडतात, की कोठारातून पुष्कळ कॅल्शियम बाहेर पडतं आणि स्नायू आवळला जातो. चिमूटभर गेल्याशिवाय ओंजळभर मिळत नाही, असा व्यवहार.

या दारांचं शास्त्रीय नाव आहे 'रायनोडीन रिसेप्टर'. नाव भयंकर आहे, पण कारण साधं आहे. दक्षिण अमेरिकेकडच्या रायानिया नावाच्या झुडपात एक विष असतं, ते पूर्वी कीटकनाशक म्हणून वापरत. ते या दारांना जाऊन चिकटतं, म्हणून दारांना विषाचं नाव पडलं. मी आपलं दारच म्हणणार आहे. हे दार म्हणजे एक अवाढव्य प्रथिन आहे. अवाढव्य म्हणजे किती, तर साधारण ३० नॅनोमीटर रुंद. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आणि बोगदा व कोठार यांच्यामधली फट असते १२ ते १५ नॅनोमीटर.

निरोप दिला-घेतला जातो तो या फटीत. आणि नेमकं इथेच दिसणं बंद होतं.

*

का बंद होतं, हे समजून घ्यायला जर्मनीतल्या येना गावी जायला हवं. कार्ल झाइस यांच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शक बनायचे, पण भिंगं बनायची अंदाजाने. घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. झाइसनी एर्न्स्ट आबे या तरुण प्राध्यापकाला विचारलं, हे गणिताने नाही का करता येणार? आबेंनी गणिताने भिंगं बनवली, तर पहिली भिंगं आधीच्या अंदाजपंचे भिंगांपेक्षाही कमी पडली. असं का झालं ते शोधताना त्यांना एक मोठी गोष्ट कळली आणि ती त्यांनी १८७३ साली मांडली. भिंग कितीही निर्दोष असलं तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसू शकत नाहीत. दोष भिंगाचा नाहीच, प्रकाशाचा स्वभावच तसा आहे. आकड्यात सांगायचं तर ही मर्यादा येते साधारण २०० नॅनोमीटर. त्याहून लहान जे काही असेल त्याचा एक धूसर ठिपका दिसणार. हृदयातली ती दारं एकमेकांना खेटून मांडली तर असल्या एका ठिपक्यात तीस-चाळीस मावतील. दिसणार काय, तर एक डाग.

येनामध्ये आबेंच्या स्मारकाच्या दगडावर हे सूत्र कोरलेलं आहे. शास्त्रातला नियम दगडावर कोरला की त्याच्याशी वाद घालायला माणूस धजत नाही. आणि गंमत म्हणजे नियम खोटा नव्हताच.

आबेंबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, ती विषयाला सोडून आहे पण सांगतोच. त्यांचे वडील सूतगिरणीत कामाला होते, दिवसाला चौदा ते सोळा तास. लहानगा एर्न्स्ट दुपारी जेवणाचा डबा घेऊन जायचा आणि वडील यंत्राला टेकून उभ्याउभ्याच जेवून डबा परत द्यायचे. हा मुलगा पुढे झाइस कारखान्याचा कर्ताधर्ता झाला तेव्हा १९०० साली त्याने तिथे आठ तासांचा दिवस सुरू केला. ही गोष्ट मी अण्णांना सांगितली होती. ऐन लग्नसराईत पत्रिका छापायला रात्र-रात्र उभं राहिलेला माणूस. ते म्हणाले, "हा खरा बघणारा." सूत्राबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

असो. तर दोनशे नॅनोमीटरच्या खाली जायचं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होताच. क्लारा फ्रान्झिनी-आर्मस्ट्राँग यांनी त्याच्या मदतीने स्नायूतली ही फट आणि तिच्यात ओळीने उभे असलेले खुंटांसारखे 'पाय' आयुष्यभर अभ्यासले. हे पाय म्हणजेच आपली दारं, हे पुढे सिद्ध झालं. पण त्या यंत्राची अट कडक असते. नमुना मेलेला हवा, अतिशय पातळ कापलेला हवा, आणि अमुक ठिपका म्हणजे अमुकच प्रथिन हे ओळखणं अवघड. साडीचा धागा फार छान दिसतो, पण पदरावरची नक्षी कळत नाही, तशातली गत.

*

इकडे १९९०च्या दशकात एक कोडं उभं राहिलं होतं. कॅल्शियमने दार उघडतं आणि दारातून कॅल्शियमच बाहेर येतं. मग त्या कॅल्शियमने शेजारचं दार उघडायला हवं, त्याने पुढचं. फटाक्यांची माळ एकदा पेटली की शेवटच्या फटाक्यापर्यंत थांबत नाही, तसं व्हायला हवं. पण हृदय तसं वागत नाही. गरज असेल तेवढंच, कमीजास्त, आवळतं. मग ही माळ मधेच थांबते कशी?

मायकेल स्टर्न यांनी १९९२ साली गणिताने दाखवलं की दारं एकसलग नसून छोट्या छोट्या, एकमेकांपासून दूर असलेल्या गटांत असतील तर हे जमू शकतं. एक गट उडाला तरी शेजारचा शांत राहतो. पुढच्याच वर्षी चेंग, लेडरर आणि कॅनेल या तिघांनी हृदयाच्या जिवंत पेशीत कॅल्शियमला लागताच चमकणारा रंग घालून पाहिलं, तर शांत बसलेल्या पेशीतही मधूनच इथे-तिथे ठिणग्या उडताना दिसल्या. त्यांनी नावही तेच ठेवलं, कॅल्शियम स्पार्क. हृदयाचा एक ठोका म्हणजे अशा हजारो ठिणग्या एकाच क्षणी पेटणं.

आणि मग १९९७ चा तो निबंध. ते तिघेही त्याच्या लेखकांत होते. उच्च रक्तदाबाने हृदय मोठं होऊन थकलेल्या उंदरांच्या पेशी त्यांनी तपासल्या. बोगद्यातून येणारं कॅल्शियम पुरेसं होतं. कोठार भरलेलं होतं. तरी पूर्वीइतक्या ठिणग्या पेटत नव्हत्या. निरोप देणारा ठीक, घेणारा ठीक, पण निरोप पोचत नाही. त्यांनी तर्क केला की या दोघांमधली रचनाच कुठेतरी बदलली असावी.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. सगळं शाबूत आहे, तरी चालत नाही. रिक्षातल्या अण्णांपेक्षा चौदा वर्षं आधी कुणीतरी हेच म्हणून ठेवलं होतं. पण तर्क करणं वेगळं आणि बघणं वेगळं. जे बदललं असेल ते होतं दोनशे नॅनोमीटरच्या खाली, आबेंच्या दगडाच्या पलीकडे.

*

त्या पलीकडे जायची वाट पुन्हा एका पाण्याच्या अपघातातून गेली. मला या गोष्टीचं फार नवल वाटतं.

१९६१ साली ओसामू शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बर इथे, हिरवट चमकणाऱ्या जेलीफिशचा अभ्यास करत होते. हजारो जेलीफिश गोळा करून त्यातला चमकणारा पदार्थ वेगळा काढायचा होता, तो निघेना. एकदा वैतागून त्यांनी अर्क मोरीच्या सिंकमध्ये ओतून दिला, आणि सिंक निळ्या उजेडाने झळाळून उठलं. सिंकमध्ये समुद्राचं पाणी येत होतं, आणि त्या पाण्यात होतं कॅल्शियम! तोच रिंगर यांच्या नळातला मूलद्रव्याचा भाऊ. तो पदार्थ कॅल्शियम लागताच चमकतो हे कळलं, आणि पुढे स्नायूतलं कॅल्शियम 'बघायला' तो वापरलाही गेला. पण त्याच कामात, जवळजवळ तळटीप म्हणून, शिमोमुरांना त्याच जेलीफिशमध्ये दुसरं एक प्रथिन मिळालं. त्याच्यावर निळा उजेड पडला की ते हिरवं चमकतं. हेच ते प्रसिद्ध 'जीएफपी'. शिमोमुरा, चाल्फी आणि चिएन यांना त्यासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

१९९७ साली मोर्नर आणि डिक्सन यांना दिसलं की या हिरव्या प्रथिनाचा एकेक रेणू चक्क डोळे मिचकावतो. आपोआप विझतो, वेगळा प्रकाश टाकला की पुन्हा पेटतो. २००२ साली पॅटरसन आणि लिपिंकॉट-श्वार्ट्झ यांनी हवं तेव्हा पेटवता येईल असं त्याचं रूप तयार केलं. आणि इथे एरिक बेत्झिग यांची गाठ पडते. बेल लॅब्समधली नोकरी कंटाळून सोडलेला, मधली काही वर्षं वडिलांच्या यंत्रांच्या कारखान्यात काम केलेला हा माणूस. १९९५ सालीच त्याने एक कल्पना कागदावर मांडून ठेवली होती. ही पेटणारी प्रथिनं कळल्यावर त्याने आणि मित्र हॅराल्ड हेस याने हेसच्या घरात, दिवाणखान्यात, नवा सूक्ष्मदर्शक बांधला. दोघांनाही तेव्हा नोकरी नव्हती.

कल्पना काय, तर अशी. समजा लांबच्या इमारतीवर दिवाळीच्या दिव्यांची माळ आहे. दिवे इतके जवळजवळ की नुसता उजेडाचा पट्टा दिसतो. पण एका वेळी त्यातले चार-दोनच, एकमेकांपासून दूरचे दिवे लागले तर? प्रत्येकाचा धूसर गोळाच दिसेल, पण त्या गोळ्याचा मध्य कुठे आहे हे तुम्ही बिनचूक सांगू शकाल. तो मध्य कागदावर टिंब काढून नोंदवा. ते दिवे विझू द्या, दुसरे चार लागू द्या. पुन्हा टिंबं काढा. असं हजारो वेळा केलंत की कागदावर संपूर्ण माळ उमटेल, दिवा आणि दिवा वेगळा. आबेंचा नियम कुठेही मोडलेला नाही. फक्त सगळं एकाच वेळी बघायचा हट्ट सोडला. २००६ साली बेत्झिग आणि मंडळींनी हे करून दाखवलं, आणि त्याच वर्षी शाओवेई झुआंग आणि सॅम्युएल हेस यांच्या गटांनीही आपापल्या पद्धतीने तेच साधलं.

दुसरी वाट श्टेफान हेल यांची. रुमानियात जन्मलेला, कुटुंबाबरोबर जर्मनीत आलेला हा शास्त्रज्ञ. फिनलंडमध्ये काम करत असताना त्याने १९९४ साली सुचवलं की एका किरणाने ठिपका पेटवायचा आणि दुसऱ्या, मेदूवड्यासारख्या मधे भोक असलेल्या किरणाने कडा विझवायच्या. मधला चिमुकला भाग तेवढा उजळ राहील, तोच सरकवत न्यायचा. २००० साली त्याने प्रयोगाने ते सिद्ध केलं. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेत्झिग, हेल आणि मोर्नर यांना मिळालं.

ती बातमी आली तेव्हा अण्णा घरीच असायचे. गोळ्यांनी बरं होतं, पण खुर्ची ते पलंग एवढंच जग उरलं होतं. पेपर भिंगातून वाचायचे. मी त्यांना माळेचं उदाहरण सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे एका वेळी एकेकच. खिळे तसेच जुळवतात. पान कुणी एकदम उचलून ठेवत नाही." मग भिंग पेपरातल्या फोटोवर धरून मला टिंबं दाखवली. जणू मी ती कधी पाहिलीच नव्हती.

*

आता हृदयाकडे येऊ.

२००९ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात बॅडली, सोलर आणि सहकाऱ्यांनी ही एकेक टिंबाची पद्धत उंदराच्या हृदयपेशीवर वापरली. ठिणग्यांच्या निबंधातले कॅनेल यांच्यात होतेच. दारांना बरोबर जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं घेतली, प्रतिपिंडांना मिचकणारा रंग लावला आणि मोजायला बसले. तोवरच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून असा समज होता की दारं सुबक गोल थाळीत फरशा बसवल्यासारखी चौकटीने मांडलेली असतात, काही प्राण्यांत एका गटात शंभरावरही. प्रत्यक्षात पेशीच्या पृष्ठभागाजवळ दिसले वेडेवाकडे पुंजके. कुठे एकटंदुकटं दार, कुठे मोठा घोळका. सरासरी काढली तर एका पुंजक्यात साधारण चौदा दारं! काही पुंजके मात्र इतके शेजारी-शेजारी होते की एकाची ठिणगी दुसऱ्याला पेटवू शकेल.

म्हणजे हृदयाचा ठोका कवायतीच्या रांगांवर उभा नाही. तो उभा आहे चौकात जमलेल्या घोळक्यांवर. कोण कुणाच्या हाकेच्या अंतरावर आहे, यावर सगळं चालतं.

मग दुखऱ्या हृदयांची पाळी आली. २०१२ साली जर्मनीतल्या गॉटिंगन इथे हेल यांच्या पद्धतीने, स्वतः हेल आणि ठिणग्यांवाले लेडरर यांच्या सहभागाने, हृदयविकाराच्या झटक्यानंतर पेशीतल्या त्या वेराट्टींच्या नळ्या कशा बदलतात ते जिवंत पेशीत पाहिलं गेलं. आणि २०१८ साली ओस्लोच्या संशोधकांनी झटक्यानंतर थकलेल्या उंदीर-हृदयातली दारंच पाहिली. काय दिसलं? पुंजके फुटून विखुरले होते. मोठ्या पुंजक्यांच्या जागी लहान, संख्येने जास्त पुंजके. हाकेचं अंतर वाढलेलं. त्यामुळे काही दारांतून ठिणगी न पडताच कॅल्शियम गळत राहतं, मुकाट्याने. ठिणगी पडलीच तर ती विखुरलेल्या दारांपर्यंत रेंगाळत पोचते. हजारो ठिणग्या एका क्षणी पेटायच्या, त्या मागेपुढे पेटतात. ठोका ढिला पडतो.

पुढच्या वर्षी लीड्स इथल्या इझी जयसिंघे यांच्या गटाने आणखी एक युक्ती वापरली. सूक्ष्मदर्शक आणखी ताणण्याऐवजी पेशीच पाणी पिऊन फुगणाऱ्या जेलमध्ये घालून सगळीकडून सारखी फुगवायची. मग दारं एकमेकांपासून आपोआप लांब होतात आणि वेगवेगळी दिसतात. हृदयाची उजवी बाजू थकलेल्या उंदरांत त्यांना या पुंजक्यांच्या कडा उसवलेल्या दिसल्या. जुन्या साडीचा काठ उसवतो तशा.

*

अण्णा २०१६ साली गेले. ओस्लोचा निबंध मी वाचला तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

इथे एक स्पष्ट केलं पाहिजे. अण्णांच्या हृदयात नेमकं हेच झालं होतं असं मी म्हणू शकत नाही. हे सगळं उंदरांमध्ये पाहिलेलं आहे, आणि झटका येऊन गेलेल्या किंवा मुद्दाम थकवलेल्या हृदयांमध्ये. अण्णांना झटका कधी आला नव्हता. ज्या गोळ्यांवर ते पाच वर्षं जगले त्या या चित्रांमधून निघालेल्या नाहीत, त्या फार आधीपासूनच्या आहेत. विखुरलेली दारं पुन्हा गोळा करणारं औषध त्यांना कुणी दिलं असतं, असंही नाही. चित्र स्वच्छ दिसलं म्हणून रोग बरा होत नाही. रिंगरपासून इथवर यायला एकशे पस्तीस वर्षं लागली, त्यात मधली साठ वर्षं एका इटालियन माणसाच्या बरोबर असलेल्या चित्राकडे कुणी बघितलं नाही. शास्त्राची चाल अशीच असते. तक्रार नाही.

तरी राहून राहून वाटतं. फर्मा छपाईला चढवण्याआधी चारी बाजूंनी आवळायचा असतो. नीट आवळला नाही तर खिळे सगळे असतात, एकही हरवलेला नसतो, पण यंत्राच्या हादऱ्याने हळूहळू सैल होतात, एकमेकांपासून सरकतात आणि ओळ फिकट उमटते. ही गोष्ट अण्णांनीच मला लहानपणी छापखान्यात उभं करून दाखवली होती. लाकडी मोगरीने टोकत टोकत ते फर्म्याचा आवाज ऐकायचे आणि सांगायचे, कुठे सैल आहे.

इकोच्या खोलीत त्यांनी विचारलं होतं ते याच सवयीतून. कुणी त्यावर हसलं नाही, पण कुणी फारसं ऐकलंही नाही, मीसुद्धा नाही. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस, आजार पचत नाहीये, म्हणून वाद घालतोय. प्रत्यक्षात ते निदान मागत नव्हते. गहाळ आहे की हललंय, एवढंच विचारत होते, आणि त्या वर्षी याचं उत्तर देऊ शकेल असा माणूस जगात कुणी नव्हता.

उत्तर मला त्यांना देता आलं नसतंच. प्रश्न मात्र बरोबर होता, एवढं त्यांना सांगायला हवं होतं.